पावसाळ्यात व्हीसीओची फ्रिक्वेन्सी का सरकते आणि त्याला एफएम कसे द्यावे?

फोंड्यात पाऊस सुरू झाल्यापासून १४५ मेगाहर्ट्झच्या व्हीसीओची (व्होल्टेजने फ्रिक्वेन्सी बदलता येणाऱ्या ऑसिलेटरची) फ्रिक्वेन्सी खाली सरकते, असे आपण लिहिले आहे. व्हॅरॅक्टरला, म्हणजे व्होल्टेजनुसार कपॅसिटन्स बदलणाऱ्या डायोडला, ट्यूनिंग व्होल्टेज देणारा रेझिस्टर १ मेगओहमसारखा मोठा असेल, तर बोर्डावरच्या ओलाव्यातून होणारी किंचित गळतीही ते व्होल्टेज कमी करते. परिणामी कपॅसिटन्स वाढतो आणि फ्रिक्वेन्सी उतरते. म्हणून रेझिस्टर ४७ किलोओहमच्या आसपास ठेवावा आणि सोल्डरिंगनंतर उरलेला फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, बोर्ड पूर्ण वाळल्यावरच वार्निश लावावे.

एफएमसाठी, म्हणजे आवाजानुसार फ्रिक्वेन्सी हलवण्यासाठी, मात्र दुसरा व्हॅरॅक्टरच घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. तो स्थिर बायसवर (न बदलणाऱ्या डीसी व्होल्टेजवर) ठेवून १-२ पिकोफॅरडच्या कपॅसिटरने कॉइलला जोडल्यास डेव्हिएशन (आवाजामुळे फ्रिक्वेन्सी मूळ जागेपासून जितकी हलते ते अंतर) ५ किलोहर्ट्झच्या आत राखणे सोपे जाते. एकाच डायोडवर दोन्ही कामे सोपवल्यास ट्यूनिंगबरोबर डेव्हिएशनही बदलत राहते.