'अनवाणी पायानं' म्हणू नका

निपाणीच्या एका मित्रानं विचारलंय, बोटीमागं दोर धरून स्की, म्हणजे पायाला बांधायच्या लांब फळ्या, न घालता पाण्यावर घसरत जायच्या शर्यती असतात, त्यातली टीम करून लांब पल्ला मारायची जी असते तिला मराठीत 'नंग्या पायांची जलशर्यत' म्हटलं तर चालंल का. अजिबात नाही! नंगे पाँव हिंदीत शोभतं, आपल्याकडं अनवाणी असताना ते कशाला? आणि नुसतं अनवाणी म्हणा. सौंदत्तीला 'अनवाणी पायानं' गेलो, हे बेळगावात इतक्यांदा ऐकतो की कान किटले, अहो अनवाणीत पाय आलाच की, हे पिवळं पीतांबर झालं.

शब्द बघा काय सुंदर आहे. संस्कृत उपानह्, त्यात नह् म्हणजे बांधणं, सन्नद्धमधला तोच धातू, म्हणजे पायाला बांधतात ते उपानह्. पालीत ह आणि न जागा बदलतात, उपाहना होतं, प्राकृतात पुढं वाहणा, आणि मग आपली वहाण, जी अथणीचे कारागीर आजही हातानं शिवतात. ती नसलेला तो अनवाणी. इकडचे एक मास्तर छातीठोकपणे सांगतात की पाय वाहून नेते म्हणून वहाण, वाहनावरनं. मग पालीतला 'उपा' कुठनं उपटला, ते सांगा म्हणावं! नुसता कानाला सारखा लागला म्हणून शब्द नातेवाईक होत नाही.

कुणी म्हणंल, स्कीवाल्याच्या पायात चप्पल कुठं असते? पण स्की पायाला बांधलेलीच असते ना, म्हणजे उपानह्च ती. ती काढून हा खेळ १९४७ मध्ये फ्लोरिडात विंटर हेवनला पहिल्यांदा झाला, आणि तळवा स्कीपेक्षा केवढा लहान, त्यामुळं ७० किलोच्या माणसाला पाण्यानं उचलून धरायला बोट ताशी ५५-६० किलोमीटरनं पळवावी लागते. कन्नडात बरिगालु म्हणतात, म्हणजे नुसता पाय, तोही गोड शब्द, पण सुटलेल्या बंधाची आठवण आपल्याच शब्दात राहिलीय.

हां, टीम आणि लांब पल्ल्याचं राहिलंच. 'सहनशक्ती स्पर्धा' नको, ते दवाखान्यातलं वाटतं. दमसास आहे की आपल्याकडं, फारसी दम आणि आपला श्वास एकत्र. 'अनवाणी दमसासाची सांघिक शर्यत' म्हणा.