बोट डावीकडे, बटण उजवीकडे

प्रश्न : ईएसपी-३२ (प्रोग्राम चालवणारी छोटी कंट्रोलर चिप) आणि २.८ इंची टचस्क्रीन एकत्र असलेला बोर्ड घेतला. पाण्याचं तापमान दाखवून पंप चालू-बंद करायचाय. पण डावीकडे दाबलं की उजवीकडचं बटण लागतं. शिवाय मोकळ्या पिना दिसतच नाहीत!

उत्तर : स्क्रीन बिघडलेला नाही, निश्चिंत राहा. तुमचा टच दाबावर चालणारा असेल, तर त्याची चिप ० ते ४०९५ असे आकडे देते, तर चित्र ३२० बाय २४० ठिपक्यांचं असतं. प्रोग्राममध्ये चित्र फिरवलं तरी टचचे अक्ष आपोआप फिरत नाहीत. चारही कोपरे दाबून येणारे आकडे सीरियल मॉनिटरवर, म्हणजे बोर्डचा मजकूर संगणकावर दाखवणाऱ्या खिडकीत, छापा. डावीकडे मोठा आकडा येत असेल तर तो अक्ष उलटा करा. नखाने दाबा, बोटापेक्षा नेमकं कळतं.

पिना खरंच कमी असतात. बहुतेक स्क्रीननेच खाल्लेल्या. ३४ ते ३९ क्रमांकाच्या पिना फक्त इनपुटच्या, म्हणजे फक्त ऐकणाऱ्या. डीएस१८बी२० या तापमानाच्या सेन्सरला एकाच तारेवर बोलायचं आणि ऐकायचं असतं, त्यामुळे तो तिथे चालणार नाही. २२ किंवा २७ मोकळी असेल तर तिथे जोडा. डेटा आणि ३.३ व्होल्टच्या मध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर हवाच.

रिले, म्हणजे पंप चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच, थेट पिनेवर लावू नका. ट्रान्झिस्टर असलेलं मॉड्यूल घ्या, रिलेच्या कॉइलला ५ व्होल्ट वेगळे द्या, दोन्हीकडचं ग्राउंड (ऋण टोक) एकत्र जोडा. पंपाकडची मेन्सची (घरच्या विजेची) वायरिंग मात्र इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. तिथे मी हौशी माणसाला अजिबात सूट देत नाही.