समकालीन प्रेमकादंबरी लिहिणाऱ्यांना प्रेरणा कुठून मिळते? स्वतः प्रेमात पडल्याशिवाय अशी कादंबरी लिहिता येते का?

प्रश्नाखाली तुम्ही आणखी एक ओळ टाकली आहे: तुमचा मित्र म्हणतो, "शेवटी दोघांतलं एक मेलं पाहिजे, नाहीतर कादंबरी हलकी होते." प्रेरणा आणि अनुभव याबद्दल थोडक्यात सांगते, पण खरं म्हणजे मी लिहायला बसले ती या ओळीमुळे. हे वाक्य मी याआधी ऐकलं आहे, माझ्याच हस्तलिखिताबद्दल.

मी कोल्हापुरात एका पतसंस्थेत नोकरी करते आणि प्रेमकादंबऱ्या लिहिते. कर्जाच्या फॉर्मवर जामीनदारांच्या सह्या लागतात. त्या सह्या घेताना जे दिसतं, तीच माझी प्रेरणा. सख्खा भाऊ पेन हातात घेतो, "जरा घरात विचारून येतो" म्हणतो आणि पुन्हा फिरकत नाही. आणि कुणीतरी दूरचा, ज्याचं त्या घराशी आडनावसुद्धा जुळत नाही, पगाराची स्लिप काढून ठेवतो आणि विचारतो, "सही कुठं करायची सांगा." दुसऱ्याच्या अडचणीत स्वतःचं नाव घालायला जो तयार होतो, तो माझा नायक. रंकाळ्यावरचा सूर्यास्त, पाऊस, कॉफी यांतून मला आजवर एकही गोष्ट सुचलेली नाही.

अनुभवाचं म्हणाल तर माझं लग्न कांदेपोहे खाऊन, पत्रिका जुळवून झालं. प्रेमात पडलेलंच असायला हवं, हे मला मान्य नाही. आपण कुणाची तरी जीव टांगणीला लावून वाट पाहिलेली असावी, एवढं पुरे. ते माणूस प्रियकर असायला हवं असं नाही. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बसलेल्या बाईला वाट पाहणं म्हणजे काय हे जितकं कळतं, तितकं कॉलेजात रोज भेटणाऱ्या जोडप्याला कळत नाही.

आता मेलं पाहिजे या वाक्याबद्दल.

माझी एक कादंबरी पुरावर आहे. नायिका प्रयाग चिखलीची, शहरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. नायक नदीपलीकडे शिरोलीला फौंड्रीत. जात वेगळी. घरी कुणालाच माहीत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं आणि पुणे-बेंगळुरू रस्ता बंद झाला. कोल्हापुरातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. त्या दिवसांत अख्ख्या शहराच्या व्हॉट्सॲपवर एकच आकडा फिरत असतो, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले, हे शाळकरी पोरंसुद्धा सांगतात. कादंबरीकाराला यापेक्षा चांगलं घड्याळ कोण देणार? मी प्रकरणांना नावं दिलीच नाहीत, फक्त फूट लिहिले.

प्रेमकथेत अडचण पाहिजे, हे सगळेच सांगतात. पण आजच्या काळात ती आणायची कुठून? पूर्वी चिठ्ठी भलत्याच्या हातात पडायची आणि दोनशे पानं निघायची. आता दोन निळ्या टिका आल्या की गैरसमज मिटतो. म्हणून पुष्कळ जण आजही नायकाचा फोन हरवतात, नाहीतर नायिकेला त्याच्याबरोबर चुलत बहीण दिसते आणि ती रडत निघून जाते. हा आळस आहे. पुरात वीज जाते, चार्जिंग संपतं, रेंज जाते, ही अडचण खरी आहे. त्याहून खरी अडचण म्हणजे नायिकेचे आबा. दारात सहा म्हशी बांधलेल्या, आणि "जनावरं सोडून मी न्हाई हलायचा" म्हणून ते बसून राहिलेले. पूर आला की असं किमान एक घर प्रत्येक गल्लीत असतं.

नायक काय करतो? तो येऊ शकत नाही. रस्ताच नाही. तो शिरोलीतून फोन लावत बसतो. ओळखीतून ओळख काढत उंचावर सोनतळीला एका गोठ्यात जागा मिळवतो, टेम्पो मिळवतो, आणि पाणी ४३ला लागायच्या आत म्हशी हलतात. म्हशी हलल्या म्हणून आबा हलतात. हे कुणी केलं, ते आबांना महिनाभर कळत नाही. नायक-नायिका त्या सगळ्या प्रकरणांत एकदाही समोरासमोर येत नाहीत, आणि माझे वाचक म्हणतात, पुस्तकातला सगळ्यात प्रेमाचा भाग तोच.

हस्तलिखित पुण्यातल्या एका प्रकाशनाकडे पाठवलं होतं. संपादकांचा फोन आला. बोलणं गोड, वाचलेलंही नीट होतं. म्हणाले, "ताई, नदी आहे, धरण आहे, पूर आहे. एवढं सगळं असताना मुलगी जिवंत कशी? ती पाण्यात गेली तर कादंबरीची उंची वाढेल. परीक्षणं येतील." मी म्हटलं, "सर, दोघांचं लग्न होतंय शेवटी." ते म्हणाले, "तेच तर. लग्न झालं की ती प्रेमकहाणी होते, साहित्य होत नाही." वर कोल्हापूर जरा कमी करा, नुसतं 'शहर' म्हटलं तरी चालेल, अशी सूचना. आणि नायिका आईला "मी येतो गं" म्हणते ते 'येते' करून पाठवलेलं. आमच्याकडच्या पोरी असंच बोलतात, हे मी त्यांना सांगितलं. त्यांना ती टायपिंगची चूक वाटली होती.

मला राग आला तो 'ती पाण्यात गेली तर' या वाक्याचा. २०१९ला व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी, नागाळा पार्क इथे होड्या फिरल्या. ज्यांच्या घरांत चिखल भरला होता त्या बायका दुसऱ्यांसाठी भाकऱ्या थापत होत्या. माणसं एकमेकांना ओढून वर काढत होती. त्या पुरात, माणसं वाचवायला धावलेल्या गावात, मी परीक्षण यावं म्हणून एक मुलगी बुडवू? मी हे त्यांना याच शब्दांत विचारलं. ते म्हणाले, "भावनिक होऊ नका." मी हस्तलिखित परत मागितलं.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे आणि ते मी कुठेही सांगते: मरण लिहायला सोपं असतं. एक परिच्छेद लिहिला की आबांचा विरोध संपतो, जातीचा प्रश्न संपतो, नोकरी, भाडं, सासर, सगळं एकदम संपतं. जे प्रश्न लेखकाने दोनशे पानं उभे केले, त्यांतल्या एकाचंही उत्तर द्यावं लागत नाही. वाचक रडतो आणि लेखकाला वाटतं आपण खोल लिहिलं. त्या दोघांना जिवंत ठेवून, याच जिल्ह्यात, याच नातेवाइकांमध्ये संसाराला लावून दाखवायचं, तर प्रत्येक प्रश्नाला उत्तर शोधावं लागतं, आणि ते उत्तर वाचकाला पटावं लागतं.

मी ते कसं शोधलं तेही सांगते. संपादकांच्या त्या फोननंतर मी विवाह नोंदणीच्या कार्यालयात जाऊन बसले. १९५४च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करायचं तर आधी नोटीस द्यावी लागते. दोघांतलं किमान एक जण त्या जिल्ह्यात तीस दिवस राहिलेलं असावं लागतं. ती नोटीस कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावतात आणि त्यानंतर तीस दिवस थांबायचं. कुणालाही हरकत घेता येते, पण वय, आधीचं लग्न, जवळचं नातं अशा ठरलेल्या कारणांवरच. जात हे हरकतीचं कारण होऊ शकत नाही. लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार लागतात.

मी तो बोर्ड वाचत उभी राहिले आणि शेवटची प्रकरणं मला तिथेच मिळाली. तीस दिवस दोन नावं उघड्यावर लागलेली. कुणीही यावं, वाचावं, गावात सांगावं. जातीवरून कायद्याने हरकत घेता येत नाही, पण चुलता मोटरसायकलवर बसून येऊ शकतो. शाहू महाराजांनी आंतरजातीय लग्नांना या संस्थानात कायद्याची मान्यता दिली त्याला शंभर वर्षं होऊन गेली. दसरा चौकात त्यांचा पुतळा आहे, जयंतीला सगळे जातात, आणि स्थळ बघताना पहिला प्रश्न आडनावाचाच येतो. हे दोन्ही एकाच गावात, एकाच घरात असतं. म्हणून मला कोल्हापूर 'नुसतं शहर' करायचं नव्हतं.

दोन साक्षीदार मित्र झाले. तिसरी सही कुणाची, यावर मी फार दिवस अडकले. मैत्रिणीची करणं सोपं होतं. शेवटी नायिकेची आई येते. आबांना सांगून येते, लपून नाही. "म्हशी कुणी हलवल्या ते मला ठाऊक हाय," एवढंच म्हणते आणि सही करते. आबा येत नाहीत. माझा गोड शेवट एवढाच आहे. कुणी हार घालून मिरवत नाही, आबांचं मन वितळत नाही. पण दोघं जिवंत आहेत, एकत्र आहेत, आणि उजळाईवाडीला भाड्याच्या दोन खोल्यांत त्यांचा गॅस पेटलेला आहे. यात हलकं काय आहे ते मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेने या प्रकाराची व्याख्याच अशी केली आहे: प्रेमकथा केंद्रस्थानी असावी आणि शेवट समाधान देणारा, आशा ठेवणारा असावा. म्हणजे वाचकाला शेवट पहिल्या पानापासून माहीत असतो. काय होणार हा प्रश्न लेखकाच्या हातातून गेलेला असतो. उरतं फक्त कसं होणार, आणि त्यावर तीनशे पानं माणसाला जागं ठेवायचं असतं. हे ज्याला सोपं वाटतं त्याने तीस पानं लिहून पाहावीत.

आमच्या गावात तर या वादाला परंपराच आहे. प्रेमकथा लिहिणारे कादंबरीकार ना. सी. फडके राजाराम कॉलेजात प्राध्यापक होते. वि. स. खांडेकर शिरोड्याची शाळा सोडून सिनेमाच्या कथा-पटकथा लिहायला १९३८ला कोल्हापुरात आले आणि इथलेच झाले. कलेसाठी कला (फडके) की जीवनासाठी कला (खांडेकर), हा मराठीतला गाजलेला वाद या दोघांच्या नावाने ओळखला जातो, आणि दोघेही आमच्याच रस्त्यांवरून चालणारे. खांडेकरांना ज्ञानपीठ मिळालं, विद्यापीठात त्यांचं स्मृती संग्रहालय आहे, ते व्हायलाच हवं होतं. पण फडक्यांचं नाव काढलं की साहित्याच्या बैठकीत लोक अजूनही नाक मुरडतात. प्रेमकथेचं तंत्र, कथानकाची बांधणी, वाचकाला पुढच्या पानावर न्यायचं कसब, यावर मराठीत इतक्या गंभीरपणे विचार केलेला माणूस होता तो. त्यांची श्रीमंत घरातली, गुळगुळीत माणसं मला स्वतःला आवडत नाहीत. पण प्रेमकथा लिहिली म्हणून लेखक दुय्यम, हा हिशेब मला मान्य नाही. त्या संपादकांनाही मला हेच सांगायचं होतं. फोनवर सुचलं नाही, म्हणून इथे लिहिते.

काही गोष्टी राहिल्या. शोकांत कादंबऱ्या वाईट असतात असं माझं म्हणणं नाही. गोष्टच तशी असेल, पहिल्या पानापासून तिकडेच चालली असेल, तर लिहा. जातीसाठी मुलं मारली जातात हेही खरं आहे, आणि ते लिहायला माझ्यापेक्षा जास्त धैर्य लागतं. माझा विरोध वजन वाढवायला आणलेल्या मरणाला आहे. दुसरं, पतसंस्थेत ऐकलेली कुणाचीही खरी गोष्ट मी उचललेली नाही आणि तुम्हीही ओळखीच्यांची उचलू नका. कोल्हापुरात तर अजिबात नको, दोन दिवसांत गल्लीला कळतं. सहीआधीचा हात थबकणं तेवढं घ्यावं, माणूस सोडून द्यावा. तिसरं, नोकरी सोडू नका. मराठीत प्रेमकादंबरीवर घर चालत नाही. भागाभागाने ऑनलाइन लिहिलंत तर वाचक लवकर मिळतात, पण रोजच्या भागाला धक्का देण्याच्या नादात पात्रं बिघडतात, तेवढं सांभाळा.

माझी ती कादंबरी पुढे एका छोट्या प्रकाशकाने जशीच्या तशी छापली, 'येतो'सकट. परीक्षण आलं नाही. चिखलीतून, आंबेवाडीतून बायकांचे फोन आले, आणि बहुतेकींनी विचारलं की आबा नंतर लेकीकडे गेले का.

तुमच्या मित्राला म्हणावं, त्या दोघांचा पगार किती, भाडं किती, घरात कुणाचा विरोध आणि साक्षीला कोण येणार, हे आधी लिहून आण. मग शेवटी कोण मरायचं त्याबद्दल बोलू.