गेमिंगची हौस आणि हवामानाची धास्ती

नवा गेमिंग पीसी घेतलास आणि त्याच दमात 'हा एवढी वीज खातो, मग पृथ्वीचं काय?' असंही विचारलंस. तुझी ही काळजी मला मनापासून आवडली.

आधी फ्रेम-रेटला, म्हणजे पीसी सेकंदाला किती चित्रं (फ्रेम) काढतो त्याला, मर्यादा घाल. स्क्रीन ६० हर्ट्झची असेल तर ती सेकंदाला ६० चित्रंच दाखवते. चित्रं काढणारं ग्राफिक्स कार्ड मोकाट सोडलंस तर ते १५०-२०० चित्रं काढत बसतं, तापतं, पंखे घोंघावतात आणि वीज फुकट जाते. (साध्या मेनूवर तर हे सर्रास होतं.) नेमबाजीच्या स्पर्धात्मक खेळात जास्त फ्रेममुळे प्रतिसाद जरा लवकर मिळतो, तिथे हवी तर सूट घे. गोष्टीप्रधान खेळांत ६० पुरे. आणि हे कार्ड चालतंय तोवर नवं घेऊ नकोस. ते बनवतानाही कार्बन हवेत जातोच.

हवामानाबद्दल हताश मात्र होऊ नकोस. १९८७ च्या माँट्रियल करारामुळे ओझोनचा थर विरळ करणाऱ्या सीएफसी वायूंवर बंधनं आली आणि आज तो थर सावरतोय. २०१० ते २०२० या दशकात सौर पॅनेलच्या किमती सुमारे ९० टक्क्यांनी उतरल्या. धोका टळलेला नाही, पण माणसांनी ठरवलं की फरक पडतो, हे मी अगदी ठामपणे मानतो.

एक घरचं सांगतो. काही वर्षं मी रात्री दोन-दोनपर्यंत खेळायचो आणि बायको एकटीच जेवून झोपायची. त्या संध्याकाळी परत मिळाल्या नाहीत. ऑनलाइन सामना मध्येच थांबवता येत नाही, म्हणून जेवणाआधीच्या अर्ध्या तासात नवा सामना सुरूच करू नकोस.