बाळांच्या मिशनरी अनाथालयात सेवेसाठी पहिल्यांदाच जाताय?

दोन-तीन आठवड्यांसाठीच जाणार असाल, तर बाळं कडेवर घेऊन फिरण्याची हौस आवरा. लळा लागतो, तुम्ही निघून येता, आणि आधीच टाकलेल्या लेकराला तेच पुन्हा सोसावं लागतं. बाळांजवळ तिथल्या कायमच्या मावशीच असू द्या. तुम्ही लंगोट धुवा, बाटल्या उकळा. (पहिल्या दिवशी मीही रडेल त्याला उचलत सुटले होते!)

निघण्याआधी:
- गोवर आणि डांग्या खोकल्याची लस.
- पोलिसांचा चारित्र्य दाखला. संस्था तो मागतच नसेल, तर तिथे जाऊ नका.
- परदेशात जाणार असाल, तर पर्यटक व्हिसावर सेवा चालते का, हे त्या देशाच्या वकिलातीत विचारा.

बाटली उशीला टेकवून बाळाला एकटं सोडू नका, ठसका लागतो. फोटो नकोतच. रोजच्या प्रार्थनेला बसावं लागेल का, तेही आधीच विचारून घ्या.