मुलगी हुशार आहे, पण शाळेच्या चाकोरीत बसत नाही. तिला शाळेतून काढून घरी शिकवावं का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी आठवीत, राज्य मंडळाच्या शाळेत आहे. अवांतर वाचन भरपूर, गणितं स्वतःच्या डोक्याने सोडवते, पण वह्या अर्धवट, गृहपाठाचा कंटाळा, आणि "हे कशासाठी करायचं?" असं भर वर्गात विचारते म्हणून बाईंची चिठ्ठी आली. एवढ्यावरून मी तरी तिला काढणार नाही. माध्यमिक शाळेत गणित शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, म्हणजे अशा चिठ्ठ्या पाठवणाऱ्यांच्या जमातीतलाच मी, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

आधी एक शंका फेडून घ्या. तोंडी उत्तरं फाडफाड देते आणि लिहायला बसली की हातच चालत नाही, असं आहे का? तसं असेल तर तो बाणेदारपणा नसून लेखनातली अडचण असू शकते. रीतसर तपासणी करून घ्या. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र असलेल्या मुलांना मंडळ परीक्षेत जादा वेळासारख्या सवलती देतं.

तसं काही नसेल, तर ती नेमकं काय नाकारते त्याची यादी करा. माझ्या वर्गात एक मुलगा होता, तो वहीत प्रश्न उतरवायचाच नाही. "प्रश्न पुस्तकात आहे की सर, परत कशाला लिहू?" त्याचं म्हणणं बरोबर होतं. प्रश्न उतरवून गणित येत नाही. पण पूर्ण वही ही मुळात मुलाच्या शिकण्यासाठी नसतेच, ती शिक्षकाचा पुरावा असते. वह्या तपासल्या का हे मुख्याध्यापक बघतात, तपासणीला आलेले साहेब बघतात, आणि "अमक्याची वही कोरी का?" हा प्रश्न मुलाला नाही, मास्तरला विचारला जातो. सहावी ते आठवीला 35 मुलांमागे एक शिक्षक हवा असं शिक्षण हक्काचा कायदा म्हणतो. साठ मुलांच्या वर्गात शिकवून बघा, मग बाई का चिडतात ते कळेल. हे मी त्या मुलाला सरळ सांगितलं. तो म्हणाला, "मग असं सांगा ना, तुमच्यासाठी लिहितो." प्रश्नाचा क्रमांक आणि उत्तर, एवढ्यावर आमची तडजोड झाली.

उलट गणितात पायऱ्या दाखवायच्या, या नियमाला कारण आहे. दहावीला गुण पायरीपायरीला मिळतात. नुसतं उत्तर लिहून ते चुकलं तर हाती भोपळा. पायऱ्या असतील तर शेवटची आकडेमोड चुकूनही बरेचसे गुण पदरात पडतात. तिची पद्धत पुस्तकापेक्षा वेगळी असली तरी हरकत नाही, फक्त परीक्षकाला ती कागदावर दिसायला हवी. अशा मुलांना "नियम म्हणजे नियम" हे पटत नाही, पण कारण पटलं तर ती इतरांपेक्षा काटेकोर होतात, हा माझा अनुभव. तेव्हा कुठल्या नियमाला कारण आहे आणि कुठला नुसता फायलीसाठी आहे, हे तिच्यासमोर खरं बोला. फायलीसाठीचे नियम घासाघीस करून कमी करून घेता येतात.

भाषेच्या पेपरात मात्र मी तिच्या बाजूने आहे. कृतिपत्रिकेत स्वमताचे प्रश्न असतात, म्हणजे मुलाने स्वतःचं मत लिहायचं. गाइडवाल्यांनी त्याचीही उत्तरं छापली आणि अख्खा वर्ग तेच 'स्वमत' पाठ करून येतो! तिथे तिला हवं ते लिहू द्या. एखादा गुण गेला तर गेला.

आता मालविका जोशीचं उदाहरण तुम्हाला कुणीतरी पाठवणारच. मुंबईची ही मुलगी सातवीत शाळेतून बाहेर पडली, आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मेटिक्स ऑलिम्पियाडमध्ये, म्हणजे शाळकरी मुलांच्या संगणक प्रोग्रॅमिंगच्या स्पर्धेत, पदकं मिळवली आणि 2016 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात गेली. हे सगळं खरं आहे. पण आईने नोकरी सोडून घरी तिच्यासाठी अभ्यासक्रम आखला होता, हे पुढे पाठवणारे विसरतात. आणि बारावी नाही म्हणून आयआयटीची दारं तिला बंद होती; चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटने मात्र तिची योग्यता पाहून थेट एम.एस्सी.च्या वर्गात घेतलं. तुमच्या घरी दिवसाचे सहा तास कोण देणार, हे ठरल्याशिवाय घरी शिकवण्याचा विषय काढू नका. दोघं नोकरीवर आणि मुलगी मोबाइल घेऊन घरी, याला होमस्कूलिंग म्हणत नाहीत.

तरीही नाहीच जमलं, तर रस्ते आहेत. 'एनआयओएस' म्हणजे केंद्राचं मुक्त विद्यालय मंडळ, त्याची दहावी 14 वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते, पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, आणि एप्रिल-मे व ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा वर्षातून दोनदा परीक्षा होतात. राज्य मंडळाचीच दहावी द्यायची असेल तर 17 नंबरचा फॉर्म भरून खाजगी विद्यार्थी म्हणून बसता येतं. दोन्हींची सध्याची माहितीपत्रकं नीट वाचा. आणि रागाच्या भरात शाळा सोडलीतच तरी शाळा सोडल्याचा दाखला घेतल्याशिवाय बाहेर पडू नका, पुढे तो पावलोपावली लागतो.

त्याआधी बाईंना एकदा भेटा. मधल्या सुट्टीत नको, तेव्हा त्यांना चहा प्यायलाही वेळ नसतो. शनिवारी सकाळची शाळा असेल तर ती सुटल्यावर जा आणि मुलीला सोबत न्या. वहीत किमान काय लागेल ते तिघांनी मिळून ठरवा आणि सहामाहीपर्यंत तेवढंच करून बघा. मात्र वर्गात चारचौघांत टोमणे, तासभर बाहेर उभं करणं, असं काही चालू असेल तर वहीचा विषय बाजूला ठेवून सरळ मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार द्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 मध्ये शारीरिक शिक्षेइतकीच मानसिक छळालाही बंदी आहे.