बाइकवरून पडलो म्हणून सांगू नकोस

भावा, तुझी पोस्ट दोनदा वाचली. बेळगावच्या उद्यमबागेत फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग (ओतीव धातूचा माल) घासून साफ करायच्या कामाला आहेस, ठेकेदाराकडं, खानापूरहून येऊन-जाऊन. गुरुवारी ग्राइंडरचं चाक फुटलं, डाव्या हाताला सहा टाके पडले. सुपरवायझर म्हणतोय, ‘दवाखान्यात बाइकवरून पडलो म्हणून सांग, खर्च आम्ही बघतो.’ असं सांगितलं तर चालेल काय, आणि हँडग्लोव्हज कुठले घ्यावेत, हे तुझे दोन प्रश्न. ग्लोव्हजचं मागनं बघू. पहिल्याचं उत्तर एकच: नको गा. अजिबात नको.

गॉगल घाल, बाही लोंबती ठेवू नको, चाक बदलताना प्लग काढ, हे तुला कुणीतरी सांगितलंच असेल. त्यात मी वेळ घालवत नाही.

माझं २०१४ सालचं. मीपण फेटलिंगलाच होतो. पावसाळ्याचे दिवस, ऑर्डर घाईची, रायझर, म्हणजे ओतल्यावर मालाला राहणारा जादा खुंट, जाड. पाच इंची मशीनचं चाक पुरत नव्हतं म्हणून गार्ड, म्हणजे चाकावरचं झाकण, काढून सात इंची चाक बसवलेलं. भोक एकच असतंय, त्यामुळं बसतंय झकास, आणि तिथंच माणूस फसतो. सात इंची चाकावर बारीक अक्षरात साधारण ८,५०० आरपीएम, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे, लिहिलेलं असतंय. पाच इंची मशीन फिरतंय ११,००० ला. चाकाच्या कडेला सेकंदाला ८० मीटरची मर्यादा, ती आपण शंभराच्या वर नेतो. म्हणजे ताशी पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास, आणि मध्ये गार्ड नाही. वर ती चाकं शेडच्या कोपऱ्यात, पत्र्याच्या गळतीखाली पडलेली. आपल्याकडचा जून-जुलैचा पाऊस काय असतो तुला सांगायला नको. चाकातला चिकट माल ओल धरतो आणि कच्चा होतो. चाकाच्या मधल्या पत्र्याच्या रिंगवर महिना-वर्ष छापलेलं असतं, ती त्याची मुदत. दहा वर्षं काम करणाऱ्यांनापण ते माहीत नसतंय. मलाही नव्हतं.

बाजूचं हँडल काढून ठेवलेलं, डाव्या हातानं कास्टिंग दाबून धरलेलं. आवाज आला ‘फट्’ असा, ट्यूबलाइट फुटल्यासारखा. तर्जनीचं वरचं पेर गेलं. दुखलं नाही, खरं सांगतो. आधी नुसतं गरम लागलं.

पण माझं खरं नुकसान चाकानं केलं नाही. ते झालं पुढच्या अर्ध्या तासात. ठेकेदाराच्या माणसानं मला मोटरसायकलवर मागं बसवलं, हाताला फडकं गुंडाळलेलं, आणि तिसऱ्या रेल्वे गेटला फाटक पडलेलं. गाडी जाईपर्यंत थांबलो तेवढ्यात तो मला समजावत होता. ‘कामावर झालं म्हटलास तर पोलीस येतात, मालक तुलाच काढतोय. घरात पडलो म्हण. आम्ही आहोत की.’ मी मान हलवली. डॉक्टरनं विचारलं, कसं झालं? मी म्हटलं, घरात पडलो. त्यानं माझ्याकडं बघितलं, हाताकडं बघितलं आणि केस पेपरवर लिहिलं, ‘एच/ओ फॉल ॲट होम’. चार शब्द. तिसऱ्या दिवशी घरी एक कन्नड कागद आला, त्यावर सही केली. मी मराठी शाळेतला. बाजारात, बसमध्ये कन्नड धडाधड बोलतो, पण तेव्हा वाचता येत नव्हतं. काय आहे विचारलं तर म्हणाला, ‘सुट्टीचा अर्ज.’ नंतर बैलहोंगलच्या एका दोस्तानं तो वाचून दाखवला. ‘मनेयल्लि बिद्दु’, घरात पडून. तिथंपण तेच! आणि खाली माझी सही, डाव्या हाताला बँडेज असतानाची.

आम्ही-आहोत-की वाल्यांनी चार हजार दिले आणि पुढं फोन उचलायचा बंद केला. पगारातून ईएसआयचे, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचे, महिन्याला १६७ रुपये कापत होते, म्हणून मी गेलो ऑफिसला. कुठलं ते लिहित नाही, उगीच वाद नको. सात फेऱ्या मारल्या. प्रत्येक फेरीला एक खाडा. एकदा साहेब मीटिंगला, एकदा सर्व्हर बंद, एकदा ‘मालकाचा अपघात रिपोर्ट आणा’. मालक कशाला देतोय! शेवटच्या खेपेला क्लार्कनं माझीच फाइल माझ्याकडं फिरवली, बॉलपेनचं टोक त्या चार शब्दांवर ठेवलं आणि काही न बोलता चहा प्यायला गेला. पाऊण तास तिथं बसून होतो मी. आला नाही. वर दाद मागायला विमा कोर्ट असतंय हे मला कुणी सांगितलं नाही, मीही शोधलं नाही. दमलो होतो.

किती गेलं ते ऐक. कामावरची दुखापत असली की घरी बसल्या दिवसांचे पगाराच्या ९० टक्क्यांनी पैसे मिळतात, साध्या आजारपणाचे ७० टक्के. नोकरीला लागून एकच दिवस झाला असला तरी कामावरच्या दुखापतीला संरक्षण आहे. तर्जनीचं एक पेर गेलं तर कायद्याच्या तक्त्यात कमाईची ताकद ९ टक्के गेली असं धरतात, आणि त्या हिशेबानं आयुष्यभर पैसे. माझा पगार ९,५००. त्याच्या ९० टक्क्यांचे ९ टक्के, ढोबळ हिशेबानं महिन्याला पावणेआठशे. थोडेच की, म्हणशील. पण मरेपर्यंत होते ते.

आता एक सांगून ठेवतो. मी वकील नाही, बारावी नापास माणूस आहे. वरचे आकडे माझ्या वेळच्या कायद्यातले. नोव्हेंबर २०२५ पासून नवीन कामगार संहिता लागू झाल्यात, तेव्हा टक्केवारी आणि फॉर्मचे नंबर एकदा विचारून घे. युनियनवाल्याला विचार, वकिलाला विचार. ठेकेदाराला सोडून कुणालाही विचार.

तुझे टाके अजून ओले आहेत, म्हणजे वेळ गेलेली नाही. ड्रेसिंगला जाशील तेव्हा डॉक्टरला सरळ सांग की कामावर ग्राइंडरचं चाक फुटून लागलंय, आणि आजच्या तारखेनं तसं लिहून घ्या म्हण. जुन्या ओळीवर खाडाखोड करायला लावू नको, नवीन ओळ पाहिजे. मग एक कागद घे आणि मराठीतच लिही: तारीख, वेळ, मशीन, शेजारी कोण काम करत होतं. एक प्रत मालकाला स्पीड पोस्टानं, एक ईएसआयला. पोस्टाची पावती जपून ठेव, माझ्याकडं एवढी एक पावती असती तर त्या क्लार्कपुढं ठेवायला काहीतरी असतं. कामाच्या ठिकाणी अपघाताचं रजिस्टर असायला पाहिजे, त्यात नोंद झाली का विचार. ठेकेदाराचा माणूस असलास तरी मूळ मालकाची जबाबदारी सुटत नाही, ‘तू आमच्या मस्टरवर नाहीस’ हे ऐकून परत येऊ नको. फुटलेल्या चाकाचे तुकडे कुणीतरी झाडून टाकायच्या आत उचल, ती पत्र्याची रिंग तर हमखास. दोस्ताला सांगून मशीनचा गार्ड नसलेला फोटो काढून घे. आणि सुपरवायझरनं ‘बाइकवरून पडलो सांग’ हे व्हॉट्सॲपवर लिहिलं असेल तर डिलीट करू नको रे बाबा.

नोकरी जाईल ही भीती मला कळते. माझ्या घरीपण हप्ता होता. पण गप्प बसूनही माझं काम दोन महिन्यांत गेलंच, हेही लक्षात ठेव.

हां, ग्लोव्हज. ग्राइंडरला चामड्याचे घे, मनगटाच्या वर येणारे. सुती पांढरे दहा रुपयांचे घेऊ नको. आणि ड्रिल मशीनवर किंवा लेथवर गेलास तर ग्लोव्हज काढून ठेव. तिथं ग्लोव्ह गुंतला की हात सुटत नाही, आमच्यात एकाचा अंगठा तसाच गेला. नवीन चाक लावलंस की कामाला लावायच्या आधी मिनिटभर मोकळं फिरव, तोंड बाजूला करून. डोळ्यात कण गेला तर शेजाऱ्याला रुमालाच्या टोकानं काढू देऊ नको. आपल्यात प्रत्येक शेडमध्ये एक असा डॉक्टर असतोच.

तुझ्या केस पेपरचा फोटो टाक, नाव-नंबर झाकून, दोन्ही बाजू. कन्नडमध्ये असला तरी चालतंय. मुलीच्या पहिलीच्या पुस्तकावरून शिकलोय मी आता, सावकाश पण वाचतो.